तीन दगडांची चूल आणि मुलाण्याचा हक

बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी मी पुण्यात बहिणीच्या घरी होतो. भाच्याने ऑनलाइन बार्बेक्यूची शेगडी मागवली होती. चार पाय, वर जाळी, सोबत लोखंडी सळ्या आणि कोळशाची पिशवी. संध्याकाळी आम्ही सगळे गच्चीवर जमलो. मसाला लावलेलं मटण तयार होतं, पण अर्धा तास झाला तरी कोळसा पेटेना. "मामू, ये कोयला पेटताच नै," म्हणत तो पुठ्ठ्याने वारा घालत होता आणि मध्येच कठड्याशी जाऊन धूर शेजारच्या खिडकीकडे जातोय का ते बघत होता. ते बघणं माझ्या लक्षात राहिलं.

मी खाली बसलो. मोठे कोळसे बाजूला काढले, नारळाच्या शेंड्या आणि काड्या खाली घातल्या, वर बारीक कोळसा रचला आणि तोंडानेच फुंकर घातली. दहा मिनिटांत निखारे फुलले. भाच्याने विचारलं, "ये कहाँ सीखे?" मी म्हटलं, "कंदुरीत." त्याला तो शब्दच माहीत नव्हता. त्याचा जन्म शहरातला, त्यात त्याचा काही दोष नाही. पण रात्री झोप येईना. जो शब्द माझ्या बापाच्या आयुष्यात दर वर्षी चार-सहा वेळा यायचा, तो एका पिढीत नाहीसा झाला होता. हा लेख त्या शब्दाबद्दल आहे.

आधी बार्बेक्यूचं बघू. हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा. लाकडाच्या उंच मांडवाला ते जे म्हणत, त्याचं स्पॅनिशांनी सोळाव्या शतकात 'बार्बाकोआ' केलं. अशा मांडवावर मांस ठेवून खालच्या आगीवर ते सावकाश भाजलं जाई. पुढे इंग्रजीत त्याचं बार्बेक्यू झालं. म्हणजे आपण ज्याला अमेरिकन चैन समजतो, ती मुळात तिथल्या आदिवासींची रीत.

आपल्याकडे उघड्या आगीवर मांस भाजण्याचा विषय निघाला की लोक थेट कबाबाकडे जातात, आणि कबाब म्हटलं की मुसलमानांकडे. कबाब हा शब्द अरबी-फारसीतून आला, हे खरं. पण सळईवर मांस भाजणं त्या शब्दाची वाट बघत थांबलेलं नव्हतं. आयुर्वेदाच्या जुन्या संहितांमध्ये शूलावर भाजलेल्या, म्हणजे 'शूल्य' मांसाचा उल्लेख आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. हे कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, आमच्या सोलापूरपासून फार लांब नाही. त्या ग्रंथात राजाच्या भोजनाचं वेगळं प्रकरण आहे आणि त्यात निखाऱ्यांवर भाजलेल्या मांसाचे प्रकारही आहेत. दिल्लीची सल्तनत स्थापन व्हायला तेव्हा जवळजवळ पाऊणशे वर्षं बाकी होती. दख्खनच्या आगीवर मांस आधीपासून भाजलं जात होतं. नंतर आलेल्यांनी आपले मसाले, आपल्या सळ्या आणि आपले शब्द त्यात घातले.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस माळव्यात मांडूचा सुलतान घियासशाह याच्यासाठी 'नेमतनामा' लिहिला गेला. त्यात समोसे, सरबतं, अत्तरं यांच्या जोडीला शिकारीवर गेल्यावर लागणाऱ्या गोष्टीही आल्या आहेत. त्याची चित्रमय हस्तलिखित प्रत पुढे टिपू सुलतानाच्या ग्रंथालयात होती. श्रीरंगपट्टण पडल्यावर ती इंग्रजांच्या हाती लागली आणि आज लंडनमध्ये आहे. अबुल फजलच्या 'आइन-ए-अकबरी'त अकबराच्या मुदपाकखान्यातल्या पदार्थांची यादी आहे. तिच्यात यखनी, दमपुख्त, दोप्याजा, कलिया यांच्यासोबत कबाबही आहे. आमच्याच जिल्ह्यात मंगळवेढ्याजवळ भीमेकाठी ब्रह्मपुरी इथे औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं होती. तंबूंचं एक शहरच माळावर वसलं होतं. तिथे किती चुली पेटत असतील, याचा अंदाज करून बघा.

पण हे सगळं राजांचं झालं. त्यांच्या स्वयंपाकघराची पुस्तकं आहेत, हिशेब आहेत, चित्रं आहेत. गावातल्या माणसाच्या चुलीचं पुस्तक कुणी लिहिलं? मराठवाड्यातल्या दलितांच्या खाण्यावर शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली लिहिलं, तेव्हा कुठे अनेकांना कळलं की ज्याला कुणी पाककृती म्हणत नव्हतं, तेही पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान आहे. कंदुरीच्या चुलीचंही तसंच आहे.

आम्ही मुलाणी. पश्चिम महाराष्ट्रात हे आडनाव गावोगाव सापडतं, पण ते मुळात आडनाव नाही, काम आहे. ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यात गावगाड्याचं वर्णन करताना सुतार, लोहार, चांभार, महार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव यांच्याबरोबर त्याने बलुतेदारांमध्ये मुलाण्याचीही नोंद केली आहे. मशीद आणि पिराची देखभाल, मुसलमानांची लग्नं लावणं आणि गावात बकरं-मेंढरू पडेल तेव्हा ते हलाल करणं, ही त्याची कामं. मुलाण्याने कापलेलं नसेल तर बहुतेक मराठे ते मटण खात नसत, असंही तो सांगतो. ज्या गावात दुसरं एकही मुसलमान घर नाही तिथेही मुलाण्याचं घर असे. या कामाबद्दल त्याला थोडे पैसे आणि बकऱ्याचं हृदय मिळे.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसलो. कारण अब्बांना बकऱ्यामागे मिळायचं ते हेच. आम्ही त्याला 'दिल' म्हणतो. ते त्यांना मटणाच्या वाट्यात मिसळून नाही, वेगळं, पानावर ठेवून मिळायचं. लहानपणी मला वाटे की लोक अब्बांवर मेहेरबानी करतात. पुस्तकातून कळलं की ती मेहेरबानी नव्हती, हक होता. सुताराला जसा खळ्यावर धान्याचा हक, तसा मुलाण्याला दिलाचा. आज हलाल आणि झटका यांवरून चाललेले वाद ऐकतो तेव्हा मला दोनशे वर्षांपूर्वीची ती नोंद आठवते. त्या गावगाड्यात हलाल ही कुणी कुणावर लादलेली गोष्ट नव्हती. गावाने एक काम एका घराकडे दिलं होतं आणि त्याचा मोबदला ठरवला होता.

आता कंदुरी. हा शब्द फारसी. मूळ अर्थ दस्तरखान, म्हणजे जेवणासाठी जमिनीवर पसरायचं कापड किंवा कातडं. कापडावरून तो शब्द त्यावर वाढलेल्या जेवणाकडे गेला आणि तिथून बुजुर्गांच्या नावाने घातलेल्या जेवणाकडे. दक्षिणेतल्या मुसलमानांच्या चालीरीतींवर जाफर शरीफ यांनी लिहिलेल्या 'कानून-ए-इस्लाम'चा हर्कलॉट्स यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १८३२ साली आला. त्यातही कंदुरी आहे. तमिळनाडूत नागोरच्या शाहुल हमीद यांच्या दर्ग्याच्या उरुसालाच कंदुरी म्हणतात. समुद्रापलीकडे मलेशिया-इंडोनेशियात सामुदायिक जेवणाला 'केंदुरी' म्हणतात. व्यापारी आणि सूफी ज्या वाटांनी गेले त्या वाटांनी हा शब्द गेला. आमच्या भागात त्याचा अर्थ नेमका झाला: पिराला बोललेला नवस फेडण्यासाठी बोकड कापून, पिराच्या आवारात उघड्यावर शिजवून, गावाला जेवू घालणं.

नवस बोलणारे बहुतेक वेळा हिंदू असत. मूल होऊ दे, दुखणं जाऊ दे, विहिरीला पाणी लागू दे. यात नवल वाटण्यासारखं काही नाही. शहाजीराजांचे वडील मालोजी भोसले यांनी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, शाह शरीफ यांना नवस बोलला आणि मुलांची नावं शहाजी व शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. तो दर्गा आजही आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासद बखरीत शिवाजी महाराजांनी देवस्थानांबरोबर पीर आणि मशिदींचीही दिवाबत्ती व नैवेद्य चालू ठेवल्याची नोंद आहे. राजांनी जे सनदांनी चालवलं, ते गावाने बोकडाने आणि भाकरीने चालवलं.

आमच्या गावची कंदुरी अशी असे. पीर गावाबाहेर, ओढ्याकाठी, लिंबाखाली. सकाळी नवसकरी घरातले लोक बोकड घेऊन येत. अब्बा वजू करून येत, सुरी अंगठ्यावर घासून बघत. बोकडाला आधी पाणी पाजत. दुसऱ्या जनावरासमोर सुरी काढत नसत. "बिस्मिल्लाह, अल्लाहु अकबर" म्हणून एकाच हाताने काम संपवत. मग मुंडी आणि पाय निघत आणि ते भाजायचं काम आम्हा पोरांकडे येई. जाळावर मुंडी फिरवायची, केस जळाले की सुरीने खरवडायची, परत फिरवायची. तो वास एकदा नाकात बसला की जात नाही.

तोवर मोठी माणसं ओढ्यातून तीन-तीन दगड आणून चुली मांडत. सारख्या उंचीचे दगड सापडायला वेळ लागे, आणि ते तापल्यावर फुटणारे नसावेत हे बघावं लागे. जळण बाभळीचं. बाभळीचा जाळ कडक आणि निखारा टिकाऊ. कांदे आणि खोबऱ्याच्या वाट्या थेट निखाऱ्यात भाजायच्या, राख झटकून पाट्यावर वाटायच्या. मोठ्या देगीत आधी आलं-लसूण-हळद घालून अळणी शिजे. त्याची वाटी पहिल्यांदा पोरांना आणि म्हाताऱ्यांना. मग काळा मसाला पडे आणि रस्स्याला तेलाची तर्री येई. भाकरी प्रत्येक घरातून येत, कापडात बांधून. चतकोर कुणाची, अर्धी कुणाची, सगळ्या एकाच टोपलीत. जेवताना आपण कुणाच्या घरची भाकरी खातोय ते कुणालाच कळत नसे. माळकरी असतील त्यांच्यासाठी वेगळ्या चुलीवर शिरा. पिरापुढे मलिदा, ऊद आणि फातिहा. शेवटचा नियम असा की शिजलेलं घरी न्यायचं नाही, तिथेच संपवायचं.

एक गोष्ट माझ्या आईच्या नजरेतून सांगायला हवी. घरातली चूल वर्षभर तिची, पण कंदुरीची चूल पुरुषांची. रोज घरात पाण्याचा पेलाही स्वतः न घेणारे बाप्ये त्या दिवशी कांदे सोलत, पाट्यावर वाटत, एकमेकांना मीठ विचारत. आई हसून म्हणायची, "एक दिन का पकवान, साल भर की बातां." गच्चीवरच्या बार्बेक्यूतही शेगडीपाशी पुरुषच दिसतात. त्या बाबतीत जग फारसं बदललेलं नाही.

आणखी एक गोष्ट अब्बांनीच सांगितली होती, ती मी गाळणार नाही. त्यांच्या लहानपणी कंदुरीला महारवाड्यातले लोक वेगळ्या पंगतीला, लांब बसत आणि त्यांना शेवटी वाढलं जाई. लाकडं मात्र त्यांनीच फोडलेली असत. पिराच्या आवारातही जात चप्पल काढून बाहेर थांबत नव्हती. पुढे आंबेडकरी चळवळीच्या जाणिवेतून त्या वस्तीने असलं जेवण नाकारलं, ते योग्यच केलं. त्यानंतर काही वर्षांनी सगळे एका पंगतीत बसू लागले. म्हणून मी कंदुरीला सोन्याचा काळ वगैरे म्हणत नाही. ती माणसांनी चालवलेली रीत होती, माणसांच्या दोषांसकट.

मी बी.एड.ला शहरात होतो त्या काळात माझं मन या सगळ्यापासून उडालं. तिथे भेटलेले मित्र दीनदार होते, अभ्यासू होते. त्यांनी विचारलं, "पिराला नवस बोलणं इस्लाममध्ये बसतं का? अल्लाहशिवाय दुसऱ्याकडे मागणं म्हणजे काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर तो प्रश्न मला आजही खोटा वाटत नाही. मी गावी येऊन अब्बांना ऐकवलं. वर ग्रंथांचे हवाले दिले. ते शांतपणे सुरीला धार लावत राहिले. मग म्हणाले, "छुरी पे नाम अल्लाकाच रहता बाबा. बाकी, मांगनेवाला जाने और उसका दिल जाने. भूके कू खिलाना किसने मना किया?" मला ते उत्तर अपुरं वाटलं. पुढची सहा-सात वर्षं मी एकाही कंदुरीला गेलो नाही.

नंतर दुसऱ्या बाजूनेही वारं आलं. गावातल्या काही तरुण पोरांनी म्हणायला सुरुवात केली की आपला नवस आणि त्यांचा मुलाणी कशाला? ही पोरं माझीच विद्यार्थी होती, माझ्याकडे मराठी शिकलेली. मजा बघा, एका बाजूचे म्हणत होते की तुम्ही पुरेसे मुसलमान नाही, आणि दुसऱ्या बाजूचे म्हणत होते की तुम्ही फारच मुसलमान आहात. मध्ये तीन दगडांची चूल होती आणि तिच्यापाशी एक म्हातारा माणूस सुरी पुसत बसला होता. कंदुऱ्या कमी होत गेल्या. काहींनी तालुक्याच्या दुकानातून मटण आणून मंगल कार्यालयात जेवण घातलं. चव वाईट नसते त्याची.

अब्बा गेले त्या वर्षीची गोष्ट. चाळिसावा होऊन महिनाच झाला होता. एका सकाळी शेजारच्या वस्तीवरच्या आजी नातवाला घेऊन दारात आल्या. नातू आजारातून उठला होता, नवस होता. बरोबर बोकड. म्हणाल्या, "मास्तर, तुमचं अब्बा न्हाईत, म्हाईत हाय मला. पर मुलाण्याचं घर तर हाय न्हवं?"

मी आयुष्यात कधी सुरी धरलेली नव्हती. माझ्या हातात खडू असतो. मी त्यांना सांगितलं की मला जमणार नाही, आणि माझं मनही पूर्ण नाही. त्यांनी वाद घातला नाही. "मग कुनाला तरी बोलवा की, पर तुमी या," एवढंच म्हणाल्या. मी चुलतभावाला बोलावलं. त्याने बोकड केला. मी दगड शोधले, चूल मांडली, बाभळीची लाकडं रचली, फुंकणीने जाळ केला. तेवढं मला येत होतं. त्या दिवशी तो वाद घालणाऱ्यांपैकी एक पोरगाही आला होता. तो काही बोलला नाही. कांदे भाजून दिले त्याने.

जेवणं सुरू व्हायच्या आधी आजींनी पळसाच्या पानावर दिल आणून माझ्यापुढे ठेवलं. मी म्हटलं, "आजी, काम भावाने केलंय. हे त्याचं." भावानेच मान हलवली आणि म्हणाला, "घर का हक है. तू बडा है." मी ते निखाऱ्यावर ठेवलं. मीठ सोडून काहीच लावलं नाही, अब्बा लावत नसत. भाजून झाल्यावर त्याचे तुकडे केले आणि आजूबाजूच्या पोरांना वाटले, कारण अब्बा तेच करत. त्यांनी आयुष्यभर हक घेतला, पण तो एकट्याने खाल्लेला मी कधी पाहिला नाही. हे माझ्या लक्षात यायला मला चाळिशी गाठावी लागली.

नवसाबद्दलचा माझा प्रश्न त्या दिवशी सुटला नाही, आजही सुटलेला नाही. मी स्वतः नवस बोलत नाही. पण इतिहासाचा वाचक म्हणून एवढं म्हणू शकतो की त्या चुलीपाशी मुसलमानाची एक जागा ठरलेली होती. त्याला तिथे कुणी परवानगी देत नव्हतं आणि कुणी सहनही करत नव्हतं. त्याच्याशिवाय जेवण सुरू होत नसे. बार्बेक्यूच्या शेगडीवर मटण तसंच भाजतं, धूरही तसाच निघतो. फरक आहे तो त्या कठड्यापाशी. माझा भाचा धूर कुणाकडे जातोय हे बघत होता. अब्बांच्या चुलीचा धूर ज्यांच्याकडे जायचा, ते भाकरी घेऊन येत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाच्याला कंदुरीचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मामू, पुढच्या वेळी मला ने." मी हो म्हटलंय. त्याआधी बहिणीने एक काम केलं: रात्रीचे उरलेले कबाब डब्यात घालून शेजारी नेऊन दिले, ते खातात का हे आधी विचारून. ते खात होते. डबा परत आला तेव्हा त्यात गुळाच्या पोळ्या होत्या.

तुमच्या गावात कंदुरी होत असेल, कधीकाळी होत असेल, तर घरातल्या म्हाताऱ्यांना आजच विचारून ठेवा: पीर कुठला, चूल कुठे मांडत, बकरं कोण कापी, त्याचा हक काय होता, आणि पंगतीत कोण कुठे बसत असे. शेवटचा प्रश्न चुकवू नका. हे सगळं कुठल्याही दफ्तरात नाही. ते ज्यांना ठाऊक आहे ती माणसं आता थोडी उरली आहेत.